तडे जाऊनही उभी राहणारी भट्टी

घरी विटांची भट्टी बांधायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो: सिमेंट कुठलं घ्यायचं? आपल्या आजूबाजूचं सगळं बांधकाम सिमेंट आणि सळईच्या जोरावर उभं असतं, त्यामुळे भट्टीलाही कशाने तरी घट्ट चिकटवून ठेवावं लागत असणार असं वाटणं साहजिक आहे. पण लाकडाच्या जाळावर तापणारी, पाव आणि पिझ्झा भाजणारी घुमटाची भट्टी चिकटपणावर उभी राहत नाही. विटांचं स्वतःचं वजन आणि त्या वजनाला दिलेलं वळण, यावर ती उभी असते. विटांमधला माल म्हणजे फक्त त्यांची बैठक. एवढं नीट समजलं की वीट किती जाड हवी, दार किती उंच ठेवायचं, तडा गेला तर घाबरायचं की नाही, हे सगळे प्रश्न सोपे होतात.

वीट दाबाला खंबीर, ताणाला दुबळी. भारतीय मानकानुसार अगदी खालच्या प्रतीच्या विटेनेही दर चौरस सेंटीमीटरला ३५ किलोचा दाब सोसायला हवा. आता आतून एक मीटर व्यासाचा आणि साडेअकरा सेंटीमीटर जाडीचा अर्धगोल घुमट घ्या. त्याचं वजन साधारण साडेचारशे किलो भरतं. हा घुमट ज्या गोल कडेवर टेकतो, तिथे दर चौरस सेंटीमीटरला येतात जेमतेम ११० ग्रॅम. म्हणजे विटेची ताकद गरजेच्या तीनशे पट आहे, चिरडण्याची भीतीच नाही. भीती आहे ती ताणाची. तीच वीट दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध भार दिला तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि वीट कटकन मोडते. भट्टीवर सपाट फरशी टाकली तर तिचंही हेच होतं, आणि आगीत लवकर होतं, कारण एक बाजू चारशे अंशांवर फुगत असते आणि दुसरी अजून थंडच असते.

कमान ही ओढाताण टाळते. वरचा भार एका विटेकडून दुसरीकडे तिरका सरकत जातो आणि दोन्ही बाजूंच्या पायांत उतरतो. वाटेत कुठेही ओढ नाही, सगळा रेटाच. यामागचं तत्त्व रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली एका पुस्तकात अक्षरं उलटसुलट करून, कोड्यासारखं छापलं. कल्पना आपली आहे हे सिद्ध व्हावं पण दुसऱ्याला कळू नये, अशी ही त्या काळातली रीत होती. उकल बाहेर आली ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये. तिचा आशय असा, की लटकती साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की कडक कमान उभी राहते. साखळीत फक्त ताण असतो. आकार उलटा झाला की ताणाच्या जागी फक्त दाब येतो.

भट्टी बांधणाऱ्याने हे स्वतः करून पाहावं. भिंतीला प्लायवूडचा तुकडा उभा लावायचा, भट्टीच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन खिळे ठोकायचे, बारीक साखळी लटकवायची आणि हवी तेवढी खोल जाऊ द्यायची. ती जिथे स्थिरावते तिथे पेन्सिलीने रेघ मारून प्लाय उलटा केला की कमानीचा साचा कापायला नकाशा तयार. यात एकही आकडेमोड नाही, तरी विटांच्या कमानीसाठी याहून चांगला आकार संगणकही देणार नाही.

केंब्रिजचे अभियंते जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. कमानीत तडा जातो तेव्हा त्या जागी एक बिजागरी तयार होते, असं त्यांनी मांडलं. अशा तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान उभी राहते, फक्त थोडीशी हलून नव्या जागी बसते. कोसळायला किमान चौथी बिजागरी लागते, आणि तीही नेमक्या जागी. भार ज्या वाटेने खाली सरकतो ती रेट्याची रेषा विटांच्या जाडीच्या आत आहे तोवर कमानीला तडा हा धोका नाही. भट्टीच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट नाही. प्रत्येक वेळी जाळ केला की विटा फुगणार, सांधे उघडणार; थंड झाली की सांधे पुन्हा मिटणार. असं वर्षानुवर्षं चालणारं दुसरं छत विटांमध्ये करता येत नाही. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या बेकऱ्यांमधल्या विटांच्या भट्ट्या आजही ओळखता येतात. १८६२ मध्ये मोडेस्टसची बेकरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत भट्टी उघडली तेव्हा आत कोळसा झालेले ८१ पाव होते, भट्टीत लावले होते तसेच.

आता प्रत्यक्ष कमान. घरच्या भट्टीतली सर्वांत सुटसुटीत कमान दाराची असते आणि हात बसवायला तीच आधी करावी. बाजारात मिळणाऱ्या आगविटेची साधारण मापं २३ सेंटीमीटर लांब, साडेअकरा रुंद आणि साडेसात जाड. वजन सुमारे चार किलो. दुकानात ‘आयएस-८’ म्हणून मागितली की भारतीय मानकाची जास्त उष्णता सोसणारी वीट मिळते. ५४ सेंटीमीटर गाळ्याची अर्धवर्तुळाकार कमान करायची तर अशा विटा लागतात अकरा. संख्या विषम ठेवायची, म्हणजे शेवटची वीट बरोबर माथ्यावर, मधोमध येते. तीच चावी.

अकरा विटा आतल्या कडेला जवळजवळ खेटून बसतात, सांधा राहतो दोन मिलिमीटरचा. पण बाहेरचं वर्तुळ मोठं. तिथे दोन विटांमध्ये साडेतीन सेंटीमीटरची फट पडते. नवखा माणूस ती मालाने भरून मोकळा होतो, आणि पहिल्या दोन-चार जाळांत तो माल भुगा होऊन गळायला लागतो. माल विटेइतका टणक नसतो, सुकताना आकसतो आणि जाड थरात हमखास तडकतो. म्हणून विटाच पाचरीच्या आकाराच्या करून घ्यायच्या, आतल्या बाजूला अरुंद आणि बाहेरच्या बाजूला पूर्ण जाडीच्या. अशा केल्या की अकराऐवजी साधारण पंधरा विटा लागतात, पण सगळे सांधे एकसारखे बारीक राहतात. कापायला डायमंड पात्याचा ग्राइंडर पुरतो. वीट आधी भिजवून घ्यायची, पात्यावर पाण्याची धार ठेवायची आणि नाकावर चांगला मास्क लावायचा. आगविटेच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. पाण्याजवळ विजेचं यंत्र चालवायचं म्हणजे जोडणीला अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, किंवा सरळ दगड कापणाऱ्याच्या दुकानातून पाण्याच्या कटरवर विटा कापून आणाव्यात.

साचा अगदी साधा: प्लायवूडची दोन अर्धवर्तुळं, मध्ये लाकडी ठोकळे. मात्र तो थेट लादीवर ठेवायचा नाही, चार लाकडी पाचरींवर टेकवायचा. दोन्ही बाजूंचे पाय आणि त्यांच्या पाठीमागचं बांधकाम कमानीआधी पूर्ण करून घ्यायचं, कारण कमान उभी राहता क्षणी बाजूला रेटा देऊ लागते. मग मालाशिवाय सगळ्या विटा एकदा साच्यावर कोरड्या लावून पाहायच्या, खडूने नंबर घालायचे आणि दोन्ही बाजूंनी एक-एक चढवत यायचं. एक बाजू पुढे गेली की साचा कलतो. चावी शेवटी, वरून, थापीच्या मुठीने हलकेच ठोकून. साचा काढताना पाचरी एकदम ओढायच्या नाहीत. चारही थोड्या थोड्या सैल करायच्या. साचा केसभर खाली येतो, विटा किंचित एकमेकींवर बसतात, आणि त्या क्षणापासून कमान स्वतःची. मला या कामातला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. आत्तापर्यंत लाकडावर पडलेल्या सगळ्या जड विटा आता हवेत आहेत आणि त्यांना काहीही धरून ठेवलेलं नाही.

बाजूच्या रेट्याचं एक सोपं सूत्र ध्यानात ठेवावं: गाळा आणि भार तोच ठेवून कमानीची उंची निम्मी केली की बाजूचा रेटा दुप्पट होतो. बेकरीसाठी लांबट, चपट्या छताची भट्टी बांधतात तेव्हा हेच आडवं येतं. चपटं छत पावासाठी उत्तम, कारण उष्णता पावाच्या जवळ राहते. पण ते दोन्ही भिंतींना सतत बाहेर ढकलत असतं. म्हणून अशा भट्ट्यांना जाड भिंती द्याव्या लागतात, नाहीतर बाहेरून लोखंडी अँगल लावून आरपार सळ्यांनी आवळाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात जन्मलेले लोहार ॲलन स्कॉट यांनी कॅलिफोर्नियात राहून अशा लांबट कमानीच्या पावभट्ट्या लोकप्रिय केल्या. डॅनियल विंग यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं आणि जगभरच्या हौशी पाववाल्यांनी त्यावरून भट्ट्या बांधल्या. घरासाठी मात्र मी घुमटच सुचवेन. त्याला कारण आहे.

घुमटाला साचा लागत नाही. गोल फेरीत विटा लावत गेलं की फेरी पूर्ण होताच ती स्वतःला अडकवून घेते. आत पडायला जागाच नसते, कारण प्रत्येक वीट शेजारणीला रेटत असते. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा प्रचंड घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात याच जोरावर, जमिनीपासून उभारलेल्या लाकडी साच्याशिवाय चढवला. घरच्या भट्टीला एक काठी पुरते. लादीच्या मध्यबिंदूवर बिजागरी बसवायची, तिला ५० सेंटीमीटरची काठी जोडायची आणि काठीच्या टोकाला विटेची आतली कड टेकेल असा छोटा अँगल लावायचा. काठी फिरेल तिथे वीट. चूक होऊच शकत नाही. पहिल्या तीन-चार फेऱ्या सहज होतात. वर उतार वाढला की फेरी पूर्ण होईपर्यंत विटा घसरायला बघतात. तिथे एखादी फळी, एखादा दोरीला बांधलेला दगड, थोडा धीर, आणि माल घट्टसर. शेवटच्या दोन फेऱ्यांना वाळूने भरलेली पोती आतून रचून आधार दिला तरी चालतो. नंतर दारातून ती ओढून काढायची.

घुमटाची एक खोड आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नवा भट्टीमालक पहिल्याच महिन्यात हबकतो. अर्धगोलात वरच्या फेऱ्या आतल्या आत दाबल्या जातात, पण माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आलं की चित्र उलटतं. त्याखालच्या फेऱ्या बाहेर फाकायला लागतात, म्हणजे त्यांच्यात ताण येतो. आणि वीट ताणाला दुबळी. त्यामुळे खालून वर जाणारे उभे तडे पडतात. भट्टीत उष्णता यात भर घालते. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला अठराव्या शतकात अगदी असेच उभे तडे दिसले आणि खळबळ माजली. जोव्हानी पोलेनी या गणितज्ञाने घुमटाच्या वजनाच्या प्रमाणात भार लावलेली साखळी लटकवून पाहिली, ती घुमटाच्या जाडीच्या आत बसते हे दाखवलं, म्हणजे घुमट सुरक्षित आहे असं सांगितलं, आणि काळजी म्हणून लोखंडी कडी आवळायला सुचवलं. घरच्या भट्टीचे बारीक उभे तडे त्याच जातीचे. खालच्या फेऱ्यांच्या बाहेरून चांगला जड भराव किंवा एक लोखंडी पट्टा दिला की ते तिथेच थांबतात. केसाएवढ्या तड्याला हातही लावू नये. थंड झाल्यावर तो मिटतो. पण वीट खाली लोंबायला लागली, किंवा आडवा तडा जाऊन एखादी फेरी आत सरकली, तर जाळ बंद करून दुरुस्ती करावीच लागते.

आता उष्णता. या भट्टीत तीन गोष्टी एकाच वेळी चालतात: लादी खालून भाजते, तापलेली हवा आणि ज्वाळा छतालगत फिरतात, आणि घुमट वरून उष्णता फेकतो. यातली तिसरी गोष्ट विलक्षण आहे. तापलेली वस्तू किती उष्णता फेकते हे तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. घरातला ओव्हन २५० अंश सेल्सिअसला असतो. घुमट ४५० अंशांवर असेल तर तो त्या ओव्हनच्या साडेतीन पटीहून जास्त उष्णता खाली फेकतो. नेपल्सचा पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो तो याच कारणाने. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं, आणि त्या कलेचा निम्मा भाग भट्टीत आहे. तेवढ्या वेळात खालून कणीक करपू नये म्हणून लादी उष्णता सावकाश देणारी लागते. लोखंडी तव्यावर त्या तापमानाला पोळी टाकली तर टाकताक्षणी कोळसा. आगवीट उष्णता लोखंडाच्या मानाने फारच सावकाश पुढे देते, आणि नेपल्सकडे वापरली जाणारी सोरेंतोच्या मातीची जाड लादी तिच्याहूनही हळू.

दाराच्या उंचीकडे बरेच जण शोभेची बाब म्हणून पाहतात, पण भट्टीचा श्वास तिच्यावर आहे. एकाच दारातून खालून थंड हवा आत येते आणि वरून धूर बाहेर पडतो. अनुभवाने ठरलेलं प्रमाण असं: दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के. आपल्या ५० सेंटीमीटर उंच घुमटाला ती साडेएकतीस सेंटीमीटर येते. वरची ५४ सेंटीमीटर गाळ्याची कमान २७ सेंटीमीटर उंच, तिच्याखाली साडेचार सेंटीमीटरचे सरळ पाय, हिशोब जुळला. दार याहून उंच केलं तर उष्णता वाहून जाते, बुटकं केलं तर आग गुदमरते आणि धूर अंगावर येतो. आणि धुराडं घुमटाला नाही, दाराच्या बाहेर, कमानीच्या पुढे असतं. घुमटाच्या माथ्याला भोक पाडून धुराडं लावलं तर तापलेली हवा छतालगत फिरण्याआधीच निघून जाते.

पैसे वाचवायचे तर सजावटीत वाचवावेत, लादीखाली नाही. घुमटाच्या साडेचारशे किलोत लादीचे सुमारे १२० किलो मिळवले की पावणेसहाशे किलो माती झाली. ती ३० अंशांवरून ३०० अंशांवर न्यायला दीडशे मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १५ मेगाज्यूल असतात. म्हणजे कागदावर दहा किलो लाकूड पुरावं. धुराड्यातून जाणारं धरलं तर दुपटीहून जास्त लागतं. लादी थेट काँक्रीटच्या स्लॅबवर बसवली तर यात स्लॅबही तापवावा लागतो, भट्टी कधी तापतच नाही, आणि तीनशे अंशांपुढे काँक्रीटची ताकदही घटू लागते. म्हणून स्लॅबवर पर्लाईट किंवा व्हर्मिक्युलाईट पाच भाग आणि सिमेंट एक भाग असा दहा सेंटीमीटरचा हलका थर, त्यावर लादी. हे दाणे रोपवाटिकेतही मिळतात. घुमटावर २५ मिलिमीटरच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे दोन-तीन थर आणि त्यावर पुन्हा तोच हलका थर. औद्योगिक वसाहतीजवळच्या भट्टीसामानाच्या दुकानात हे ब्लँकेट मिळतं. कापताना मास्क आणि हातमोजे घालायचे. जुने कारागीर लादीखाली वाळू, मीठ आणि फुटक्या काचा भरायचे. तेही चालतं, फक्त त्याला जाडी खूप द्यावी लागते.

आता राहिला सुरुवातीचा सिमेंटचा प्रश्न. साधं पोर्टलँड सिमेंट घट्ट होताना त्यात विरलेल्या चुन्याची भुकटी तयार होते. ४०० ते ५०० अंशांदरम्यान तिच्यातलं पाणी उडून जातं आणि मागे उरतो तो कळीचा चुना. भट्टी थंड झाली, हवेतली ओल लागली की हा चुना पुन्हा फुलतो आणि सांधा आतून फुटतो. म्हणून जाळ लागणाऱ्या बाजूला निव्वळ सिमेंट-वाळूचा माल नको. फ्रान्समध्ये ज्यूल बिए यांनी १९०८ मध्ये ॲल्युमिनेट सिमेंटचं पेटंट घेतलं. त्यात ही चुन्याची कटकट नसते, आणि आज ‘कॅस्टेबल’ म्हणून मिळणारे बरेच तयार माल याच सिमेंटवर आधारलेले असतात. ते महाग आहे. घरगुती भट्टीवाल्यांचा जुना उपाय म्हणजे तीन भाग बारीक वाळू आणि सिमेंट, भिजवलेला चुना, फायर क्ले प्रत्येकी एक भाग. सिमेंट सुरुवातीला आकार धरून ठेवतं, पुढे त्याचं काम संपतं आणि फायर क्ले जाळ सोसत राहते. सांधा बारीक असेल तर एवढं भरपूर. लादीच्या विटांना तर मालच लावायचा नाही, वाळू आणि फायर क्लेच्या पातळ बिछान्यावर कोरड्या बसवायच्या. एखादी फुटली तर उचलून बदलता येते.

बांधून झाली की धीर हवा. आठवडाभर ओली गोणपाटं टाकून माल पिकवायचा, मग काही दिवस नुसती वाऱ्यावर सुकू द्यायची, मग छोटे जाळ. पहिल्या दिवशी शंभर अंशांच्या आत, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, असं करत आठवड्याभराने पूर्ण जाळ. घाई केली तर विटेच्या पोटातलं पाणी वाफ होतं, पाण्याच्या सोळाशे पट जागा मागतं आणि विटेचे पापुद्रे उडवतं. कोकणात याला आणखी एक बाजू आहे. तिथे भट्टीवर पक्कं छप्पर नसेल तर पावसाळ्यात वीट पाणी पिते. वजनाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी आपल्या भट्टीत ५७ लिटर झालं. तेवढं पाणी वाफ करून घालवायलाच दीडशे मेगाज्यूल लागतात, म्हणजे अख्खी भट्टी तापवायला लागते तेवढी उष्णता नुसती पाण्यात गेली. गणपतीत ‘भट्टी तापत नाही’ म्हणून तक्रार येते ती बहुतेक वेळा ओल्या भट्टीची असते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना पुन्हा दोन-तीन दिवस छोट्या जाळांनी सुकवावं.

गोव्यातल्या पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, फोर्नमध्ये (भट्टीत) ही उष्णता साठवण्याची रीत अजून पाहायला मिळते. आतच लाकूड जाळायचं, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे, लादी झाडायची, लांब दांड्याच्या लाकडी पात्यावरून पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचं. तिथून पुढे आग नाहीच, पाव भाजतात ते विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. उंडो, पोळी, कांकण ही सगळी मंडळी अशीच भाजली जातात. पोर्तुगीजांनी आणलेल्या या कलेत गोव्याने पीठ फुगवायला माडाची सूर वापरली आणि पाव आपला करून घेतला.

मुंबईत मात्र लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस भरत आले आहेत. हवेच्या प्रदूषणाची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या बेकऱ्यांबद्दल माया वाटत असूनही मला हे योग्य वाटतं. दाट वस्तीत धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. म्हणून घरची लाकडी भट्टी शेतावर किंवा मोकळ्या अंगणात बांधावी, गल्लीत नाही. शहरात बांधायचीच तर त्याच घुमटात जाणकाराकडून बसवून घेतलेला गॅसचा बर्नर चालतो. कमानीला इंधन कुठलं याने फरक पडत नाही. लाकूड बाभळीसारखं जड आणि पूर्ण वाळलेलं घ्यावं; रंगवलेलं लाकूड आणि प्लाय कधीच नाही.

जाळ सुरू केल्यावर घुमट आधी काजळीने काळा होतो. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे ती काजळी जळून जाते आणि माथ्यापासून खाली वीट पांढुरकी दिसू लागते. घुमट पूर्ण पांढरा झाला की पिझ्झ्याची वेळ, तीही आग बाजूला जळती ठेवून. पाव करायचा असेल तर निखारे काढून, दार लावून भट्टी अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, म्हणजे उष्णता विटांत सगळीकडे सारखी पसरते. मग लादीवर चिमूटभर मैदा टाकून पाहायचा. दोन-चार सेकंदांत काळा झाला तर अजून थांबायचं. सावकाश तपकिरी झाला तर पाव लावायचे. पाव निघाले की दीडशे-दोनशे अंशांवर नानकटाई किंवा केक, रात्री मातीच्या भांड्यात मटण किंवा हरभरे झाकून ठेवायचे, सकाळी शंभराच्या खाली आलेल्या भट्टीत आमसुलं किंवा टोमॅटो सुकवायचे. नीट लपेटलेली भट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही हाताला गरम लागते. तेव्हा पुढच्या खेपेची लाकडं आत रचून दार लावून टाकावं. आत निखारा उरलेला नाही एवढं मात्र आधी पाहून घ्यावं.